कालचं थोडं

१२ नोव्हेंबर, मंगळवार
पोचलो एकदाचे! निडी स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर, शेतांच्या मधोमध हे छोटं कौलारू घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण आणि अंगणापलीकडे एक सुटी खोली. भात कापून झालंय, चहूकडे पेंढ्याचा वास. मधूनच वारा फिरला की धाटावच्या कारखान्यांचा उग्र वास येतो, तेवढंच एक. सुजय गाडीतून उतरताना म्हणाला, ताई, हे तर तुझ्या कॉन्व्हेंटच्या सहलीसारखं झालं, फक्त उकडलेली अंडी राहिली. किती दिवसांनी त्याने थट्टा केली!

चोपन्न वर्षांचा झाला, तरी मला तो अजून चार वर्षांचाच दिसतो. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि मी तेरा. दारूने त्याचं यकृत आक्रसून टाकलंय. पोटात पाणी होतं, डोळे पिवळे, आणि कधी कधी असा भ्रम होतो की मी कोण तेही त्याला आठवत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले. आता रोह्याच्या संशोधन केंद्राची ही शेवटची आशा. तीन महिने जवळपास राहायची अट आहे, म्हणून हे घर.

आमच्या फिलोमिना सिस्टर म्हणायच्या, रोजनिशीच्या शेवटी त्या दिवशी केलेलं एक चांगलं काम लिहायचं. सापडलं नाही तर तसंच झोपायचं नाही, उठून एखादं करायचं. पन्नास वर्षं मी ते पाळत आलेय.
आजचं एक चांगलं काम: सुजयची उशी उन्हात घालून फुलवली.

१८ नोव्हेंबर, सोमवार
आज केंद्रात हर्षद डॉक्टरांनी तासभर समजावून सांगितलं. एकाच आजाराचे दहा पेशंट असले, तरी त्यांची आतडी म्हणजे दहा वेगवेगळी गावं. प्रत्येक गावात राहणारे जिवाणू वेगळे. म्हणून सगळ्यांना एकच औषध, एकच पथ्य देऊन भागत नाही. आधी कुणाच्या गावात कोण राहतं ते तपासायचं, मग तिथे कुणाला वसायला पाठवायचं ते ठरवायचं. निरोगी माणसाकडून हे जिवाणू घेतात, गाळून, गोठवून कॅप्सूलमध्ये भरतात. कशातून घेतात ते मी इथे लिहिणार नाही. शाळेत आम्ही त्याला ‘नंबर दोन’ म्हणायचो. सुजय इतका हसला की डॉक्टरही हसायला लागले.

चाळीस देणाऱ्यांमधून सुजयला एकच बाई जुळली. पेणजवळच्या खाडीकाठची, मिठागरात काम करणारी हौसा. पहिले काही आठवडे पुरतील एवढ्या कॅप्सूल तिने उन्हाळ्यातच दिल्या होत्या. पुढच्यांसाठी ती आमच्याच मागच्या खोलीत येऊन राहणार आहे, म्हणजे तिच्या खाण्याची नोंद मला ठेवता येईल.

नियमांच्या कागदावर मी सही केली. देणाऱ्याने नेहमीचंच अन्न खायचं. केंद्राला विचारल्याशिवाय एकही गोळी घ्यायची नाही. शेवटचं दिल्यावर महिनाभर त्याच्यावर लक्ष ठेवायचं, आणि त्या महिन्यात तो आजारी पडला, तर त्याच्या शिल्लक सगळ्या कॅप्सूल नष्ट करायच्या. मी विचारलं, मग पेशंटचं काय? डॉक्टर म्हणाले, मग दुसरा देणारा शोधायचा. सुजयच्या बाबतीत दुसरा नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

येताना केंद्रातली भाविका आमच्याबरोबर होती. घरात छोटा डीप फ्रीजर बसवून गेली. गोड मुलगी, अखंड बडबड. खांब गावच्या एका माणसाचं सांगत होती. तोही देणाऱ्यांपैकीच. नंतर कसल्याशा दुखण्यावर त्याने जालीम अँटिबायोटिक खाल्लं आणि जुलाबांनी अगदी मरायला टेकला. शेवटी त्याच्याच जुन्या कॅप्सूल त्याला परत दिल्या, तर तिसऱ्या दिवशी उठून मासे-भात मागायला लागला. आपलं आपल्यालाच परत, म्हणाली.
आजचं एक चांगलं काम: भाविकाला दुपारचं न जेवता जाऊ दिलं नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार
हौसा आली. तिचा मुलगा कान्हू धाटावला कंपनीत शिफ्टमध्ये आहे, त्याने मोटारसायकलवरून आणून सोडली. साठीची, काटक, टाचा मिठाने चिरलेल्या. सामान म्हणजे एक पिशवी, खडेमिठाची पुरचुंडी, सुकट आणि एक मातीचं गाडगं. ते गाडगं तिने सबंध वाटेत मांडीवर धरलं होतं.

रात्री उरलेला भात ती त्यात पाणी घालून ठेवते आणि सकाळी खडेमीठ, सुकट लावून खाते. गाडगं पूर्ण रिकामं कधी करत नाही. तळाला मूठभर आंबट भात राहू देते, त्यावर आजचा घालते. मी म्हटलं, अगं, घासून तरी घे. तर खो खो हसली. म्हणाली, घासलंस का मेलं ते, शांतीबाय. कालचं थोडं ठेवलं तरच उद्याचं धरतं. सासूच्या सासूपासूनचं हाय ह्यात.

सुजयला पाहून म्हणाली, हा व्हय तो? ह्याच्या पोटात माजं जानार? बामणासारका गोरा हाय गो, माजं सोसंल का त्याला बग! सुजय म्हणाला, मावशी, मी तुम्हाला फार चांगलं सांभाळीन. दोघं कितीतरी वेळ हसत होती.
आजचं एक चांगलं काम: तिच्या टाचांना व्हॅसलीन लावून दिलं. ती लाजून पाय ओढून घेत होती.

९ डिसेंबर, सोमवार
चमत्कार म्हणायला हरकत नाही. सुजयच्या डोळ्यांतला पिवळेपणा उतरलाय. केंद्रात त्याला एक कागद देतात, त्यावर एकपासून पंचवीसपर्यंतचे आकडे विखुरलेले असतात. ते क्रमाने रेघेने जोडायचे, मेंदू किती स्वच्छ आहे ते त्यावरून कळतं. मागच्या महिन्यात तो नवावरच अडकला होता. आज मिनिटाच्या आत पंचवीस! घरी आल्यावर त्याने मला आईच्या अबोली साडीची आठवण सांगितली. मला वाटलं होतं, ती साडी फक्त माझ्याच लक्षात आहे.

आता त्याला सकाळी माझा टोस्ट नको असतो. हौसाच्या गाडग्यातला घासभर भात मागून घेतो. केंद्राने तेच त्याच्या पथ्यात लिहून दिलंय.
आजचं एक चांगलं काम: हौसाला फोनवर कान्हूशी बोलायला दिलं. पाऊण तास बोलली!

१६ डिसेंबर, सोमवार
हौसाने आज शेवटचं दिलं. सुजयच्या उरलेल्या सगळ्या कॅप्सूल फ्रीजरमध्ये येऊन पडल्या. निळ्या झाकणाच्या बाटल्यांवर त्याचं नाव आहे. आता सोळा जानेवारीपर्यंत ती आमच्या नजरेखाली. रोज एका तक्त्यात ‘तब्येत ठीक’पुढे खूण करायची, एवढंच माझं काम.

ती आता घराकडे डोळे लावून बसलीय. तिकडे मिठागराची कामं सुरू झाली असतील. वाफ्यांची जमीन अनवाणी पायांनी तुडवून तुडवून कशी घट्ट करतात, ते तिने अंगणात करून दाखवलं. एक पाय, दुसरा पाय, एकाच ठेक्यात.

१९ डिसेंबर, गुरुवार
हौसाची दाढ सुजलीय. गाल टेकडीसारखा वर आलाय, अंगात ताप.

सकाळपासून मी तक्ता समोर घेऊन बसले होते. केंद्राला कळवलं, तर हा आजार धरतील आणि निळ्या झाकणाच्या सगळ्या बाटल्या टाकून देतील. आत सुजय रेडिओबरोबर गुणगुणत होता. तो शेवटचं कधी गुणगुणला होता?

माझ्या पर्समध्ये माझ्या दाढेच्या वेळची पट्टी होती. आठवड्यापूर्वीच रोह्याच्या दातांच्या डॉक्टरांनी दिलेली, लाल-पिवळ्या कॅप्सूल. मी चार दिवस घेतल्या, बाकी शिल्लक होत्या. चांगलं जालीम अँटिबायोटिक. त्या मी हौसाला दिल्या आणि कुणाला सांगू नको म्हटलं. ती म्हणाली, भाविका गोळी नको बोलली होती ना गो? मी म्हटलं, ही गोळी नाही, कॅप्सूल आहे. तिने विश्वास ठेवला.

दुपारी ती झोपली असताना तिचं गाडगं उकळत्या पाण्याने आणि साबणाने लख्ख घासून ठेवलं. दाढ त्या आंबलेल्या भातानेच कुजली असणार. उठल्यावर तिने गाडग्यात पाहिलं आणि कोरड्या तळावरून बोटं फिरवत राहिली.

तक्त्यात खूण केली. तब्येत ठीक.
आजचं एक चांगलं काम: हौसाची वेदना थांबवली.

२६ डिसेंबर, गुरुवार
काल नाताळ. शाळेतला मनुका घातलेला केक आठवला, मेणबत्त्या आठवल्या. भाविका सुटीवर आहे.

दाढ बरी झाली, पण हौसाला तीन दिवस जुलाब होतायत. पाण्यासारखे, आणि वास असा की माझ्याने सांगवत नाही. मीच सगळं धुतेय. मीठ-साखर घालून लिंबू-सरबत देतेय. दर वेळी डोकं मांडीवर घेऊन सांगते, लिंबू-सरबत घे गं, बरं वाटेल. सिस्टर आजारी मुलींजवळ अशाच बसायच्या.

ताप नाही. तक्त्यात ठीक लिहिलं. सरबत घेते आहे, म्हणजे ठीकच.

२७ डिसेंबर, शुक्रवार
आज हौसा मला एक विचित्र गोष्ट बोलली. म्हणाली, शांतीबाय, माजं गाडगं घासलंस तसंच पोट पन घासलंस तू त्या लाल-पिवल्या गोलीनं. आता त्यात काय धरंना. तुज्या फ्रीजात माजं कालचं हाय, त्यातलं थोडं मना दे. माजं मना दे गो.

तिला कुणी सांगितलं? कुणीच नाही. तिचं तिलाच कळलं. मला खांबचा माणूस आठवला.

मी फ्रीजर उघडला. बाटल्या मोजल्या नाहीत, नुसत्या पाहिल्या. एक दिली असती तर भाविकाला हिशोब लागला नसता. मग सगळं बाहेर आलं असतं. गोळ्या, जुलाब, तक्ता. मग सुजयचं काय?

झाकण लावलं. तिला सांगितलं, ते आता तुझं नाही, त्यावर सुजयचं नाव आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. लहान मूल बघतं तशी.
आजचं एक चांगलं काम: तिची चादर दोनदा बदलली.

२८ डिसेंबर, शनिवार
कान्हू शिफ्ट सुटल्यावर फाटकाशी आला होता. आईला बघायचं म्हणाला, तुमी फोन उचलत नाय. मी म्हटलं, झोपलीय, आणि तपासणीच्या दिवसांत कुणी आत यायचं नाही, केंद्राचा नियम आहे. तो नियमाला घाबरला. कंपनीतला माणूस आहे, नियम ऐकायची सवय. सुकटीची पुडी देऊन गेला. मोटारसायकल सुरू झाली तेव्हा मागच्या खोलीतून हौसाने हाक मारल्यासारखं वाटलं. अगदी बारीक आवाज. मी रेडिओ मोठा केला.

३० डिसेंबर, सोमवार
हौसा गेली. सकाळी दहा वाजता, उन्हं अंगणात आली तेव्हा.

आधी खोली धुतली. तिला नवं लुगडं नेसवलं. मग फोन केले. आलेल्या डॉक्टरांना सांगितलं, अचानक छातीत कळ आली. त्यांनी तसंच लिहिलं. केंद्रातून विचारलं, आजारी होती का? मी तक्ता दाखवला. चौदा दिवस ठीक.

कान्हू लहान मुलासारखा रडला. मी त्याला जवळ घेतलं.
बाटल्या तशाच आहेत.
आजचं एक चांगलं काम:

(खूप वेळ बसले. सापडत नाही. उठून कावळ्याला भात ठेवला. शिवला नाही.)

६ जानेवारी, सोमवार
सुजयचं वजन वाढलं. पोटातलं पाणी गेलं. हर्षद डॉक्टर म्हणाले, अशीच गती राहिली तर हे उदाहरण मी परिषदेत मांडणार. सगळं ठीक आहे. सगळं ठीक.

फक्त आकड्यांचा कागद. आज त्याने आकडे जोडलेच नाहीत. कागदभर चौकोन काढले. लहान लहान, एकाला एक लागून, मध्ये पाणी वाहायला जागा सोडून. डॉक्टरांना वाटलं, कंटाळला असेल. मी कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली.

११ जानेवारी, शनिवार
सकाळी अंगणातून आवाज येत होता. धप्. धप्. सुजय अनवाणी, मातीत पाय तुडवत होता. एकाच ठेक्यात. हौसाने दाखवलं तेव्हा तो घरात झोपलेला होता, त्याने पाहिलंच नव्हतं. मी विचारलं, काय करतोयस? म्हणाला, जमीन घट्ट नको का व्हायला, ताई? नायतर मीठ काळं येतं.

त्याच्या टाचा चिरल्यात. पांढऱ्या रेघा. आठवड्यापूर्वी नव्हत्या.

१५ जानेवारी, बुधवार
जेवताना सहज म्हणाला, लाल-पिवली होती ना गो ती?
मी विचारलं, काय?
तो भात कालवत होता. वर पाहिलं नाही.

त्याला गोळ्यांचं कुणीही सांगितलेलं नाही. कुणीही नाही. ही वही आधी माझ्या उशीखाली असायची, आणि हौसा गेली तेव्हापासून कुलूपबंद पेटीत —
चांगलं काम: नाही.

२१ जानेवारी, मंगळवार
कान्हू आईचं गाडगं न्यायला आला. मी आत होते. खिडकीतून पाहिलं. सुजय फाटकाशी गेला, त्याच्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, कोनची शिफ्ट हाय रं? जेवलास का?
कान्हू पांढरा पडला. मग तिथेच, धुळीत, सुजयच्या पायाशी बसला.
गाडगं न घेताच गेला.

२२ जानेवारी, बुधवार
गाडगं स्वयंपाकघरात आहे. भरलेलं. मी घासून कोरडं करून माळ्यावर ठेवलं होतं. आंबट वास. सुजय म्हणाला, घासू नको हां आता.

कान्हू आज पुन्हा आला. शिफ्ट सुटली की येतो. दोघं फाटकाशी बसतात. सुकट खातात. हसतात. तिचं हसू.

भाविकाला फोन करून सांगायचं ठरवलं. काय सांगू? माझा भाऊ बरा होतोय?

३ फेब्रुवारी, सोमवार
मला जुलाब. काल सकाळपासून. तोच वास. तीच चादर मी धुतली, त्याच हातांनी, आणि त्याच लाल-पिवळ्या कॅप्सूल डिसेंबरात मीही —

सुजयला म्हटलं, भाविकाला बोलाव. फोन सापडत नाही म्हणाला. त्याच्या सदऱ्याच्या खिशात दिसत होता.

४ फेब्रुवारी, मंगळवार
अशक्त. त्याने उचलून मागच्या खोलीत आणून निजवलं. धुवायला सोपं जातं म्हणाला. अंथरूण हौसाचंच.

डोकं मांडीवर घेतो. हात इतका मायेचा. लिंबू-सरबत घे गो, बरं वाटंल. दर वेळी तेच शब्द. माझेच.

फ्रीजरमध्ये अजून एक बाटली आहे, सहा कॅप्सूल. मी मागितल्या. त्यातलं थोडं मला दे म्हटलं. माझ्या सुजयला, मी वाढवलेल्या —
तो म्हणाला, ते तुजं नाय. त्यावर नाव हाय.
रागाने नाही म्हणाला.

५ फेब्रुवारी
हाताने पेन धरवत नाही. ऊन अंगणात आलंय. धप्. धप्.
सिस्टर, मी रोज लिहिलं. रोज. एक दिवस सोडून

६ फेब्रुवारी
मोटारसायकल. कान्हू. फाटकाशी.
सुजय सांगतोय — शांतीबाय झोपलीय. कोनी आत यायचं नाय, नियम हाय.

हाक मारली तर ऐकू जाईल. अंगणच मध्ये. सांगायचं — तुझ्या आईला मी — तो धावत येईल, केंद्रात नेतील, मी वाचेन. बाटली टाकून देतील.

तोंड उघडलं.
सुजयने वळून इकडे पाहिलं. अबोली साडीत लपायचा तसा चेहरा. हळूच म्हणाला, ताई.
त्याचा आवाज. त्याचा स्वतःचा. किती दिवसांनी.

मी गप्प राहिले.

गाडी गेली. लांब गेली —
तो येतोय. पेला घेऊन. टाचा वाजतायत —
गो शांतीबाय, म्हणतोय —

आजचं एक चांगलं काम: मी सुज